टेपखालचा चुना

रविवार, ११ जानेवारी. सकाळी सव्वासात. शिरवण्याचं मैदान, मंडपाची मागची बाजू.

हजर: संघातल्या बाराही मुली, त्यांतली आठ नंबरची माझी. त्यांना शिकवणाऱ्या काकी, प्लास्टिकच्या खुर्चीवर. माझा नवरा, पाण्याचे दोन कॅन आणि गाडीची चावी घेऊन. मी, प्रथमोपचाराची निळी पेटी घेऊन. आणि मंडपात पहिल्या रांगेत चहाचे कागदी कप धरून बसलेले दोन गृहस्थ. एका कंपनीच्या महिला कबड्डी संघासाठी ते मुली बघायला आले होते. त्या संघात निवड झाली की कंपनीत नोकरीही मिळते, कायमची.

माझ्या वहीत त्या दिवसाच्या पानावर एवढं लिहिलेलं आहे. त्याखाली नेहमीची नऊ ओळींची यादी आणि प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण. खुणा सगळ्या माझ्याच हातच्या. त्यांतली पहिली खोटी निघाली.

मी औद्योगिक पट्ट्यातल्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळते. बावीस वर्षं झाली. काय आलं, काय गेलं, कोणाच्या सहीने गेलं, हे लिहिल्याशिवाय माझ्याकडून साधा नटबोल्टही बाहेर पडत नाही. घरीही तेच चालतं. नवरा म्हणतो, "तू देवळात गेलीस तरी घंटा किती वेळा वाजवली ते लिहून ठेवशील." त्यामुळे मुलगी आठवीत असताना काकींच्या संघात खेळायला लागली आणि पेटी सांभाळायला कोणीतरी हवं झालं, तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडेच पाहिलं.

तेव्हा मला क्रेप बँडेज गुंडाळण्यापलीकडे काही येत नव्हतं. तेही येत नव्हतं, हे कळंबोलीच्या एका स्पर्धेत कळलं. दिघ्याहून येणाऱ्या एका मुलीचा पाय मुरगळला. मी घाबरून इतकं घट्ट गुंडाळलं, की परतीच्या वाटेवर ती म्हणाली, "काकू, माझी बोटं झोपली." मोजा काढला तर बोटं जांभळी झाली होती. बँडेज सोडलं तेव्हा तिच्या पोटरीवर दोरखंडाने बांधल्यासारखे वळ होते. ती हसत होती आणि मी तिची बोटं चोळत होते. घरी पोचल्यावर मी यादीची पहिली ओळ लिहिली: बांधून झाल्यावर बोटाचं नख दाबून सोडणे, पांढरं झालेलं नख लगेच गुलाबी झालं पाहिजे. आजच्या यादीत ती ओळ आठवी आहे.

पुढे वाशीत एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी शाळेतल्या खेळशिक्षकांसाठी दोन दिवसांचा वर्ग घेतला. मी शिक्षिका नव्हते, तरी रजा टाकून जाऊन बसले. क्रेप आणि टेप यांतला फरक तिथे समजला. क्रेप ताणतं. ताजी सूज दाबून धरायला ते चांगलं, पण घोटा वाकडा वळायला लागला तर त्याला अडवत नाही. टेप ताणत नाही. ती पांढरी, दीड इंच रुंदीची, कडक टेप कातडीला चिकटते आणि सांध्याला म्हणते, इथपर्यंत ये, पुढे नाही. बाई म्हणायच्या, "टेप औषध नाही. टेप म्हणजे कुंपण. आतलं पीक कसं आहे ते कुंपणाला ठाऊक नसतं." हे वाक्य मी वहीत चौकट करून ठेवलं होतं.

घोटा बांधायची पद्धत सांगायला सोपी आहे. पाय काटकोनात धरायचा. कातडी धुऊन, पुसून कोरडी करायची, मग पातळ फोमचा एक थर गुंडाळायचा, म्हणजे टेप काढताना साल निघत नाही. घोट्याच्या वर टेपच्या दोन पट्ट्या, पावलाच्या मध्यावर एक. मग घोड्याच्या रिकिबीसारख्या तीन पट्ट्या, आतल्या बाजूने सुरू करून टाचेखालून बाहेरच्या बाजूला ओढत वर न्यायच्या. पाय बहुतेकदा आत वळून मुरगळतो, म्हणून ओढ बाहेरच्या दिशेला. त्यावर आठच्या आकड्यासारखे वेढे. शेवटी टाच दोन्हीकडून बांधायची. त्याला आम्ही कुलूप म्हणतो. मुलगी विचारते, "आई, कुलूप लावलंस? किल्ली कुठंय?" मी कात्री दाखवते.

एका घोट्याला दहा मिनिटं लागतात. आमच्या संघात टेप लागणाऱ्या चार मुली आहेत, म्हणजे सामन्याच्या सकाळी चाळीस मिनिटं नुसती बांधाबांध, तेवढ्यात पंच शिट्टी मारायला लागतात. गेल्या वर्षी मी त्यावर तोडगा काढला. आदल्या दिवशी चौघींना फोमची गुंडाळी द्यायची. पाय धुऊन, फोम स्वतः गुंडाळून यायचं. मी फक्त टेप लावणार. चाळीस मिनिटांचं काम पंचविसावर आलं. यादीच्या पहिल्या ओळीवर, त्वचा स्वच्छ आणि कोरडी, मी विचारून खूण करायला लागले. स्टोअर्समध्ये डबा उघडून मोजल्याशिवाय मी खूण करत नाही. पण इथे वेळ वाचत होता आणि त्याचा मला अभिमानही होता.

आता काकींबद्दल. काकी शिरवण्याच्याच. गावाच्या जमिनीवर शहराचे सेक्टर पडायच्या आधीपासून त्यांचं घर तिथे आहे. तरुणपणी त्या गावच्या संघातून खेळायच्या. आता पासष्टीच्या आहेत, एका गुडघ्यामुळे खाली बसू शकत नाहीत, म्हणून मैदानावर त्यांची एक लाल खुर्ची असते आणि तिला कोणी हात लावत नाही. त्यांचा स्वतःचा उपचार ठरलेला असतो. हळद आणि चुना पाण्यात कालवून कोमट करायचं, मुरगळलेल्या जागी लेप द्यायचा आणि जुन्या सुती लुगड्याची पट्टी सैल बांधायची. माझी टेप त्यांनी पहिल्यांदा पाहिली तेव्हा म्हणाल्या होत्या, "पार्सल बांधतंस का गो?" मी मनाला लावून घेतलं नाही. त्यांचा लेप त्यांच्या जागी, माझी टेप माझ्या जागी, असं सहा-सात वर्षं चाललं. मुलींना दोघींचं मन राखावं लागतं, हे मला त्या सकाळपर्यंत सुचलं नव्हतं.

मुलीचा पाय मुरगळला ३१ डिसेंबरच्या सरावात. चढाई करून परत येताना एकीच्या पायावर हिचा पाय पडला आणि आत वळला. मी तिथे नव्हते. तिने फोनवर सांगितलं, "आई, थोडंसं झालंय." माझी मुलगी 'थोडंसं' म्हणते तेव्हा मी पर्स आधी उचलते. एक्स-रे काढला, हाड मोडलेलं नव्हतं. डॉक्टरांनी घोटा इकडेतिकडे हलवून पाहिला आणि म्हणाले, "लिगामेंट ताणलंय. तुटलेलं नसावं. सूज उतरल्यावर एमआरआय काढला तर नक्की कळेल. तीन आठवडे विश्रांती घेतली तर उत्तम."

"नसावं म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे वाटत तरी नाही."

असल्या उत्तरावर मी स्टोअर्समध्ये माल परत पाठवते. इथे काय करणार? रिक्षात बसल्यावर मुलगी म्हणाली, "तीन आठवडे घेतले तर उत्तम, असं म्हणाले. घ्यायलाच पाहिजेत असं नाही म्हणाले." ती बावीस वर्षांची आहे. ते दोन गृहस्थ अकराव्या दिवशी येणार होते, आणि पुन्हा कधी येतील ते कोणालाच माहीत नव्हतं.

मी वाशीच्या त्या बाईंना फोन केला. त्यांनी एक कसोटी दिली. आदल्या दिवशी, टेप न लावता, त्याच पायावर उभं राहून दहा उड्या. एकाही उडीला दुखलं नाही तर टेप लावून खेळायला हरकत नाही, पण तेही त्यांच्या मते घाईच. शनिवारी दुपारी मुलीने हॉलमध्ये दहा उड्या मारल्या. मोजून दहा. मात्र त्या मारताना ती खिडकीकडे तोंड करून उभी होती. मी पुढे जाऊन तिचा चेहरा पाहायला हवा होता. मी आकडा लिहिला.

रविवारी ती सहालाच मैत्रिणीच्या स्कूटरवरून गेली. सामन्याच्या दिवशी काकींच्या घरी सगळ्या मुलींचा चहा आणि पोहे असतात, हा संघाचा रिवाजच आहे. आम्ही गाडीने सव्वासातला पोचलो. मी तिघींचे पाय बांधले आणि शेवटी तिचा घेतला.

"पाय धुतलेला?"

"हो."

"कोरडा?"

"हो गं आई. लाव ना, टेन्शन नको देऊ."

फोम नीट गुंडाळलेला होता. कडेला बोटभर पिवळट डाग दिसला. मला वाटलं, पोह्यांच्या हाताने गुंडाळला असेल. पहिल्या ओळीपुढे खूण केली आणि टेप फाडायला घेतली. तो घोटा मी आयुष्यात बांधलेल्या घोट्यांत सगळ्यात चांगला बांधला असेन. एक सुरकुती नाही. नख दाबलं, पांढरं झालं, सोडल्याबरोबर गुलाबी. काकी खुर्चीवरून म्हणाल्या, "झालं का पार्सल? वजन कर नि पाठव."

सामना आठला सुरू झाला. मला कबड्डी बघता येत नाही. म्हणजे मी तिथे उभी असते, पण मला फक्त पाय दिसतात. त्या सकाळी तर चौदा जणींमधला एकच डावा पाय दिसत होता. पहिल्या तीन चढायांत तिने तीन गुण आणले. नवरा माझ्या कानाशी म्हणाला, "पहिल्या रांगेतला तो चष्मेवाला लिहितोय बघ." मी पाहिलं नाही. चौथ्या चढाईनंतर ती आपल्या अंगणात परतली आणि उजव्या पायाच्या टाचेने डावा घोटा घासायला लागली. एकदा, दोनदा. पुढच्या चढाईआधी पुन्हा.

टेप घट्ट झाली असेल, असं मला वाटलं. पायाला घाम आला, पाय थोडा फुगला, की घट्ट होते. मग वाटलं, आत सूज येतेय. मग वाटलं, ते 'नसावं' आता 'आहे' झालं. मी पेटीची कडी उघडत होते, लावत होते. नवऱ्याने शेवटी ती माझ्या हातातून घेतली.

मध्यंतरापर्यंत तिच्या खात्यावर सात गुण होते. शिट्टी झाल्यावर ती लंगडत नव्हती, पण अगदी सरळ चालत आली, मुद्दाम सरळ चालणाऱ्यासारखी.

"काय होतंय?"

"काही नाही. आग होतेय थोडी."

"दुखतंय की आग होतेय?"

"आग. टेपची असेल. आई, काढू नकोस हं. पाचच मिनिटं आहेत."

ते मलाही कळत होतं. टेप कापली तर पाच मिनिटांत पुन्हा बांधून होणार नव्हती. नाही कापली तर पुढची पंधरा मिनिटं आत काय चाललंय ते कळणार नव्हतं. मी नख दाबलं. गुलाबी. यादीप्रमाणे सगळं बरोबर होतं. तरी तिच्या पायाची बोटं एकसारखी वळवळत होती. हे यादीत कुठेच नव्हतं.

मी कात्री घातली. ती ओरडली, "आई!" आणि बाजूच्या दोघी वळून बघायला लागल्या. आतल्या बाजूने वरून खाली एकच काप दिला आणि टेप फोमसकट पुस्तकासारखी उघडली.

आत पिवळा लेप होता. घामाने भिजून त्याचा चिखल झाला होता. घोट्याच्या बाहेरच्या बाजूची कातडी लालबुंद आणि तिच्यावर वाटाण्याएवढे दोन फोड.

"हे काय आहे?"

तिने पाय जवळ ओढला.

मी वळले आणि काकींवर ओरडले. सगळ्या संघासमोर. "हा तुमचा चुना आहे ना? कोणाला विचारून लावलात? तिची कातडी भाजली बघा!" माझा आवाज इतका वर गेला, की मंडपातला माईकवाला बोलायचा थांबला.

काकी खुर्चीचे हात धरून उठल्या, पावलं मोजत आल्या आणि वाकून बघितलं. मग माझ्याकडे नाही, मुलीकडे वळल्या. "सकाली लावला तवाच मी सांगलं व्हतं ना तुला, बांधायच्या अगोदर धुवून टाक म्हनून? चुना हाय तो, चंदन नाय."

"मला वाटलं, दोन्ही असलं की जास्त आराम पडेल," मुलगी म्हणाली. मग हळूच, "आणि आईला कळलं असतं तर ती लेप काढ म्हणाली असती, आणि काढला असता तर तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"मला? मला कशाला वाईट वाटंल? माजा काय चुन्याचा कारखाना हाय?"

कोणीतरी फिसकन हसलं. मला हसू आलं नाही. पाय धुतलाय ना, हे मी तिला विचारलं होतं. पण विचारलं होतं तिलाच, फोम न उघडता.

ओला लेप कापसाने पुसून काढला आणि मग पाणी ओतायला घेतलं. नवऱ्याने आणलेले दोन्ही कॅन त्या एका घोट्यावर रिकामे झाले. तेवढ्यात मध्यंतर संपलं, तिच्याशिवाय सामना सुरू झाला. ती ओल्या मातीत पाय सोडून बसली होती आणि मान वळवून मॅटकडे बघत होती. काकींनी कमरेच्या पिशवीतून सुती पट्टी काढली. "आन इकडं. फोडावर नाय लावत, वर-खाली बांधते. शेवटची पाच मिनिटं जाईल ती."

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. अशी ती लहानपणी जत्रेत पाळण्याकडे बघायची.

"बांधा," मी म्हणाले. "आणि मग दहा उड्या."

काकींनी बांधलं. मुलगी उभी राहिली. या वेळी मी तिच्या समोर उभी होते. चौथ्या उडीला तिचे ओठ आत गेले. सातव्या उडीला दुसरा पाय टेकला.

"दहा," ती म्हणाली.

"सात."

"आई, ती आग होतेय म्हणून. घोट्याचं नाही ते."

असेलही. मला आजही माहीत नाही, की तो पाय टेकला तो कातडीमुळे की आतल्या लिगामेंटमुळे. कोणीच ते सांगू शकलं नसतं. मी म्हणाले, "बस खाली." ती बसली. उरलेल्या वेळात माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. सामना आम्ही चार गुणांनी हरलो.

मी पेटी आवरत होते तेव्हा तो चष्मेवाला गृहस्थ आमच्याकडे आला. "आठ नंबर दुसऱ्या डावात दिसली नाही. पाय मुरगळला की काय?"

माझ्या आधी काकी बोलल्या. "नाय ओ साहेब. हलद-चुन्यानं भाजलं. बगा ना."

त्याने वाकून बघितलं आणि मोठ्याने हसला. "आमच्या गावाकडं पण हेच. म्हैस अडली तरी हळद-चुना." मग माझ्या हातातली पेटी बघून मला विचारलं, "म्हणजे घोट्याला काही नाही ना, ताई?"

मी पेटीची कडी लावत होते. "भाजलंय," मी म्हणाले. "तीन-चार दिवसांत बरं होईल."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. त्याने कागदावर काहीतरी लिहिलं आणि गेला. गाडीत बसल्यावर मुलगी पहिल्यांदा बोलली, "थँक्यू, आई." तिने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन काकींकडे गेले. उंबऱ्यावरच म्हणाले, "काकी, त्या दिवशी मी सगळ्यांसमोर बोलले. चुकलं माझं."

"बस. तिलगुल तं खाऊ दे," त्या म्हणाल्या. खाऊन झाल्यावर म्हणाल्या, "तू बोललीस तवा तुजा हात कापत व्हता. कापनाऱ्या मानसावर कोन रागवंल?"

मग मी विचारलं, जे विचारायला खरं तर गेले होते. काकींचा गुडघा कधी गेला?

त्यांनी लुगडं जरा वर घेऊन गुडघा दाखवला. एका बाजूला फुगीर, जुन्या झाडाच्या गाठीसारखा. "लग्नाच्या आदी. एक डाव पकडीत गेला. दोन वरीस मी कोनाला सांगला नाय. सांगला असता तं संघातून काढली असती. नाय सांगला तं दोन वरीस जास्त खेलले."

"मग बरं केलंत की वाईट?"

त्या हाताला चिकटलेले तीळ काढत होत्या. "संडासला खुर्ची लागते मला," त्या म्हणाल्या. "पन ती दोन वरीसं बी माजीच हायेत गो. ती कुनाला देऊ?"

मी उत्तर घ्यायला गेले होते. परत येताना हातात तिळगुळाचा रिकामा डबा होता.

दुसऱ्याच दिवशी, गुरुवारी, फॉर्म आला. संघाच्या ग्रुपवर. निवड शिबिरासाठी आमच्या संघातून एकीला बोलावलं होतं, आठ नंबरला. ग्रुपवर नाचणाऱ्या चित्रांचा पाऊस पडला. मुलगी हॉलमध्ये उडी मारायला गेली आणि मध्येच थांबून दोन्ही पाय जमिनीवर ठेवून टाळ्या वाजवायला लागली. ते थांबणं मला दिसलं.

फॉर्म दोन पानांचा आहे. मी ऑफिसमधून छापून आणला. दुसऱ्या पानावर एक चौकट आहे: गेल्या सहा महिन्यांतील दुखापती, संघात प्रथमोपचार पाहणाऱ्या व्यक्तीने भरावे. खाली सहीची जागा. संघात प्रथमोपचार पाहणारी व्यक्ती मीच.

"भाजल्याचं लिही ना," मुलगी म्हणाली. "तीपण दुखापतच आहे."

"आणि मुरगळला त्याचं?"

"एक्स-रे नॉर्मल आहे, आई."

"डॉक्टर म्हणाले होते, एमआरआय काढला तर—"

"काढला तर. काढलाय का? नाही काढला, तर तू लिहिणार काय? 'बहुतेक' असं लिहिणार?"

नवरा वर्तमानपत्रामागून म्हणाला, "लिहून टाक आणि मोकळी हो. नाहीतर लिहू नकोस आणि मोकळी हो. पण मोकळी हो बाई, दोन दिवस आमटीत मीठ नाही."

मी दोन्ही बाजू वहीत लिहून पाहिल्या. समोरासमोर, मध्ये रेघ मारून. लिहिलं तर शिबिरात वीस मुली असतील, आणि पाय दुखावलेली मुलगी कशाला घ्यायची, असं म्हणायला त्यांना एक चौकट पुरेशी आहे. तिच्या वयाच्या मुली वर्षावर्षाला मागे पडतात. दिघ्याची ती जांभळ्या बोटांची मुलगी आज एका गोदामात डबे मोजते आणि भेटली की अजून चढाईच्या गोष्टी सांगते.

नाही लिहिलं तर शिबिरात तिचा पाय दुसरंच कोणीतरी बांधेल. त्याला हे ठाऊक नसेल, की डाव्या घोट्याला रिकिबीच्या पट्ट्या तीनऐवजी चार घालायच्या. साध्या घोट्यासारखं साधंच बांधेल किंवा बांधणारही नाही. ती सांगणार नाही. ती खिडकीकडे तोंड करून दहा उड्या मारेल.

रेघेच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच ओळी झाल्या. त्या मोजून काही उपयोग नव्हता.

आज शनिवार, १७ जानेवारी. फॉर्म सोमवारी सकाळी दहापर्यंत द्यायचा आहे. फोडांवर खपली धरली आहे. सकाळी मी डॉक्टरांकडे फोन करून एमआरआयची वेळ विचारली, बुधवारची मिळते आहे, ती अजून पक्की केलेली नाही. नाव, जन्मतारीख, उंची, वजन, रक्तगट, संघाचा पत्ता, सगळं भरलं. फोटो चिकटवला. मुलीची सही झाली. दुखापतीच्या चौकटीत मी पेनने पाय मुरगळल्याची तारीख लिहिली आहे, ३१ डिसेंबर. तारखेच्या पुढचं लिहायचं अजून राहिलं आहे.